दुसऱ्यांदा छाती उघडायची का?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताई लिहितात, "माझं वय ३४. वडील, अण्णा, ६१ वर्षांचे. पिठाची गिरणी चालवतात. २०१६ साली एका रात्री छातीत-पाठीत असह्य कळ आली. महाधमनी आतून फाटल्याचं निघालं आणि पुण्यात तातडीने ऑपरेशन झालं. फाटलेल्या भागाच्या जागी कापडी नळी बसवली, झडप मात्र त्यांचीच ठेवली. नंतरची वर्षं बरी गेली. आता जिना चढताना दम लागतो म्हणून तपासलं, तर महाधमनीचं मूळ ५.७ सेंटिमीटर झालंय आणि झडप जोरात गळतेय. सर्जन म्हणतात, मूळ आणि झडप दोन्ही बदलायला हवं, धोका आठ ते दहा टक्के. दुसऱ्या शहरातले डॉक्टर म्हणाले, 'रिडू केस आहे, म्हणजे दुसऱ्यांदाचं ऑपरेशन, फार अवघड, गोळ्यांवर राहू द्या.' भाऊ ऑपरेशनच्या बाजूचा. आत्या म्हणते, 'एकदा छाती फाडली तेवढी पुरे, आहे तेवढं सुखानं जगू दे.' अण्णांना आम्ही 'झडप थोडी लीक आहे' एवढंच सांगितलंय. पहिलं ऑपरेशन चुकलं होतं का? आणि आता आम्ही काय करावं?"

ताई, शेवटच्या वाक्यातला 'आम्ही' तूर्त बाजूला ठेवते, त्याच्याकडे परत यायचंच आहे. माझी सगळी नोकरी हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरात भूलतज्ज्ञ म्हणून झाली. सर्जनची नजर टाक्यांवर असते तेव्हा रुग्णावर नजर ठेवायचं काम माझं असे, त्या बाजूने लिहिते. अण्णांचे कागद मी पाहिलेले नाहीत. म्हणून हे सगळं तुमच्या सर्जनसमोर बसण्याआधीची तयारी समजा, त्यांच्या सल्ल्याला पर्याय नको.

पहिलं ऑपरेशन चुकलं नव्हतं. हृदयातून वर निघणारी महाधमनी फाटते तेव्हा उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन जण दगावतात, असा जुना हिशेब आम्ही सगळे शिकलो. अशा रात्री सर्जनपुढे एकच काम असतं, माणूस टेबलावरून जिवंत उतरवणं. फाटलेला तुकडा कापायचा, नळी शिवायची, झडप जागेवर टाचायची आणि बाहेर पडायचं. मुळाला हात घालायचा तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्या सोडवून पुन्हा शिवाव्या लागतात. त्यात वेळ जातो, आणि त्या रात्री वेळच नसतो. शिवाय स्वतःची झडप राहिल्यामुळे अण्णांना इतकी वर्षं रक्त पातळ करायची गोळी घ्यावी लागली नाही. पण नळीच्या खालचा आणि वरचा उरलेला भाग मूळच्याच कच्च्या भिंतीचा राहतो. तो पुढे फुगू शकतो, म्हणून अशा माणसाचं सीटी स्कॅन आयुष्यभर, साधारण वर्षाला एकदा, व्हायला हवं. मधल्या वर्षांतल्या सीटींचा उल्लेख पत्रात नाही. झाले असतील तर ते रिपोर्ट शोधाच. सलग दोन वर्षं दरवर्षी ३ मिलिमीटर किंवा एका वर्षात ५ मिलिमीटर वाढ झाली असेल, तर आजच्या ५.७ पेक्षा तो वेग सर्जनला जास्त काळजीत टाकेल.

आता तो टक्क्यांचा आकडा. तुम्ही सगळे 'आठ ते दहा टक्के' आणि शून्य यांची तुलना करताय. ऑपरेशन केलं तर दहा टक्के धोका, नाही केलं तर आहे तसं चालू राहील, असं घरात धरून चाललेलं दिसतं. आत्यांच्या बोलण्यात माया आहे, पण तिच्या मुळाशी हेच गृहीतक आहे. अण्णा आत्ता आहेत तसे राहणार नाहीत, हे त्यांना लागणाऱ्या दमानेच सांगितलंय.

येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी शेकडो रुग्णांच्या नोंदींवरून २००२ साली एक हिशेब मांडला. छातीतली महाधमनी ६ सेंटिमीटर ओलांडली की फाटणं, चिरणं किंवा मृत्यू असं काहीतरी वर्षाला शंभरातल्या साधारण पंधरा जणांच्या बाबतीत घडतं. ऑपरेशनचा सल्ला साडेपाचच्या आसपास देतात तो यासाठी, आणि मारफान सिंड्रोमसारख्या आनुवंशिक आजारात पाचलाच. अण्णांची महाधमनी एकदा शिवलेली आहे, त्यामुळे तो आकडा जशाच्या तसा त्यांना लावता येणार नाही. पण ज्या भिंतीने एकदा दगा दिलाय ती इतरांपेक्षा बळकट असेल, असं कुणीच म्हणणार नाही. त्यात झडपेची गळती आहे. दम लागायला लागल्यानंतर अशी जोरदार गळती तशीच ठेवली, तर तिच्यापायी होणारे मृत्यूही वर्षाला दहा टक्क्यांच्या वरच जातात. सर्जनने सांगितलेला धोका एकदाच पत्करायचा आहे. न करण्याचा धोका दर वर्षी नव्याने येतो, आणि दर वर्षी थोडा वाढून येतो.

तरीही दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखंच असतं, असं मी म्हणणार नाही. पहिल्या वेळी छातीच्या हाडामागे मोकळी जागा असते. दुसऱ्या वेळी तिथे सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. हृदय, नळी, फुप्फुसाची कड, कधी नळी थेट हाडालाच. म्हणून आधी सीटीत नळी हाडापासून किती लांब आहे ते मोजतात. जवळ असेल तर जांघेतली किंवा खांद्याखालची धमनी मोकळी करून हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या तयार ठेवतात, कधी मशीन सुरू करून मगच छातीला हात लावतात. शॉक द्यायचे पॅड आधीच अंगावर चिकटवलेले असतात, कारण छाती उघडेपर्यंत हृदयाला आतून शॉक देता येत नाही. जुन्या स्टीलच्या तारा कापतात, पण लगेच ओढून काढत नाहीत. त्या हाडाखाली तशाच राहू देऊन वरून करवत चालवतात, म्हणजे पातं खोल गेलंच तर आधी तारेवर अडतं. एरवी थिएटरात गाणी लावणारे सर्जन तेवढ्या वेळापुरती ती बंद करायला सांगतात. पुढे तासन्‌तास एकेक थर कात्रीने सोडवायचा. मग जुनं मूळ काढून झडप बसवलेली नवी नळी शिवायची आणि हृदयाच्या दोन्ही धमन्या तिला जोडायच्या. या ऑपरेशनला बेंटॉल म्हणतात, १९६८ पासून ते होतंय. महाधमनी वर जाऊन वळते त्या कमानीपर्यंत जावं लागलं, तर शरीर थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवतात आणि तेवढा वेळ मेंदूला वेगळ्या नळीने रक्त देतात.

निकाल कसे येतात? महाधमनीची कामं नेहमी करणाऱ्या केंद्रांत, ठरवून केलेल्या अशा दुसऱ्या ऑपरेशनमध्ये शंभरातले साधारण पाच ते दहा दगावतात. तुमच्या सर्जनचा आकडा त्यात बसतो, म्हणजे त्यांनी तुम्हाला घाबरवलेलं नाही आणि गोडही बोललेले नाहीत. यापलीकडे काहींना पक्षाघात, काहींना तात्पुरतं डायलिसिस, रक्तस्रावासाठी पुन्हा थिएटरात जाणं, व्हेंटिलेटरवर जास्त दिवस, क्वचित पेसमेकर. हे धोके मृत्यूच्या आकड्यात धरलेले नसतात, म्हणून वेगळे विचारा. यातून पार पडलेल्यांचं पुढचं आयुष्य बहुधा चांगलं जातं. ठरवून केलेल्या रुग्णांत पाच वर्षांनी चारातले तीन किंवा त्याहून जास्त जण हयात असतात.

पण या आकड्यांत सगळ्यात मोठा फरक 'दुसऱ्यांदा' या गोष्टीने पडत नाही. 'का' आणि 'कधी' याने पडतो. जुन्या नळीला किंवा झडपेला जंतुसंसर्ग झाल्यामुळे छाती उघडावी लागली, तर मृत्यूचं प्रमाण दुप्पट-तिप्पट होतं. फाटल्यावर, रक्तदाब कोसळलेला असताना रात्री दोनला टेबलावर घेतलं, तरीही तसंच. अण्णांना ताप नाही, मूळ अजून फाटलेलं नाही आणि ते जिना चढतात. दुसऱ्या ऑपरेशनच्या रुग्णांत ही त्यातल्या त्यात चांगली जागा आहे, आणि ती कायम राहणारी नाही.

गोळ्यांवर राहू द्या म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी एकदम चूक म्हणणार नाही. मात्र डॉक्टरांचा नकार दोन प्रकारचा असतो. एक, या माणसाला हे झेपणार नाही. दुसरा, हे आमच्याकडे होत नाही. दुसरा नकार प्रामाणिक असतो, पण घरी पोचेपर्यंत तो पहिल्यासारखा ऐकू येऊ लागतो. त्यांना परत जाऊन सरळ विचारा, "डॉक्टर, अण्णांच्या तब्येतीत असं काय आहे की ऑपरेशन नको?" मूत्रपिंड अधू झालंय, हृदयाची पंपिंग फार खाली गेलीय, फुप्फुसं तंबाखूने किंवा गिरणीच्या धुरळ्याने खराब आहेत, असं उत्तर आलं तर तोलून बघायला हवं. महाधमनी पुन्हा लहान करणारी गोळी नाही. गोळीने रक्तदाब आवरतो, एवढंच, आणि तेही आवश्यकच आहे. पण झडप गळत असताना नाडी फार मंदावली तर गळती वाढू शकते, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून गोळीचा डोस घरच्या घरी वाढवू नका.

आता 'आम्ही'.

अण्णांना माहीत नाही. म्हणजे आत्ता या क्षणीही ते गिरणीत पोती उचलत असतील. श्वास रोखून पन्नास किलोचं पोतं उचलताना रक्तदाब एकदम चढतो, आणि ५.७ सेंटिमीटरच्या भिंतीला नेमकं तेच नको असतं. तुम्ही त्यांना भीतीपासून वाचवायला गेलात आणि पोत्यापासून वाचवायचं राहून गेलं. कायदाही स्पष्ट आहे. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाची संमती त्याने स्वतःच द्यायची असते, घरच्यांनी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितलंय. संमतिपत्रावर सही करायच्या आदल्या रात्री त्यांना हे कळणं सगळ्यात वाईट.

महाधमनीच्या शस्त्रक्रियेत ज्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं ते ह्यूस्टनचे मायकेल डबेकी यांनी सुरुवातीच्या कापडी नळ्या घरी शिलाई मशीनवर शिवल्या होत्या. २००५ च्या अखेरीस, ९७ व्या वर्षी, त्यांची स्वतःचीच महाधमनी फाटली. त्यांनी ऑपरेशन नको म्हटलं. पुढे शुद्ध हरपल्यावर, रुग्णालयाच्या नीतिसमितीत बराच वाद होऊन, ते केलं गेलं. ते वाचले, २००८ पर्यंत जगले आणि केलंत ते बरं केलंत असं नंतर म्हणाले. काही जण यातून असा अर्थ काढतात की रुग्णाचं फार ऐकू नये. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. डबेकींना स्वतःचं सगळं ठाऊक होतं, आपले स्कॅन त्यांनी पाहिले होते, आणि 'नको' म्हणताना आपण कशाला नको म्हणतोय हे त्यांना नेमकं कळत होतं. अण्णांचा होकार असो वा नकार, तोही तसाच माहितीनिशी यायला हवा.

सांगायचं कसं? भाऊ, तुम्ही आणि आई, एवढेच बसा. आत्या पहिल्या बैठकीत नकोत. आधी त्यांनाच विचारा, "अण्णा, दम लागतोय त्याचं तुम्हाला काय वाटतंय?" बहुतेक वेळा माणसाने निम्मं ओळखलेलं असतं. मग एवढंच सांगा, "नळीच्या खालचा भाग फुगलाय आणि झडप गळतेय. डॉक्टर परत ऑपरेशन म्हणतात. त्यात धोका आहे, न करण्यात त्याहून जास्त आहे असं ते म्हणतात. तुम्हाला काय वाटतं ते ऐकायचंय." टक्के त्यांनी विचारले तर सांगा. न विचारता आकडे ओतू नका. पोत्यांचं मात्र त्याच दिवशी सांगून टाका आणि हमालीला माणूस ठेवा.

कागद बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही हा माझा नियम, पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावर मी तुमच्या भावाच्या बाजूची आहे. मूत्रपिंड-फुप्फुसं ठीक असतील आणि अण्णा तयार असतील, तर काही आठवड्यांत, ठरवून, अनुभवी ठिकाणी ऑपरेशन करावं. मोठं हॉस्पिटल म्हणजे अनुभवी ठिकाण, असं समजू नका. एखाद्या ठिकाणी बायपास रोज होते आणि महाधमनी वर्षातून चार-दोनदाच उघडतात. सर्जनला विचारायला संकोचू नका, "तुम्ही स्वतः वर्षाला महाधमनीची किती करता? त्यात दुसऱ्यांदाची किती?" चांगले सर्जन या प्रश्नावर रागावत नाहीत.

जाताना २०१६ च्या ऑपरेशनची सविस्तर नोंद न्या. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात. नळीचा आकार काय, मशीनच्या नळ्या कुठून घातल्या, धमन्यांची अवस्था कशी होती, हे ऑपरेशन नोटमध्ये सापडतं आणि दुसऱ्या सर्जनचं काम त्याने सोपं होतं. रुग्णालयाने आपले कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे, पण कागद जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं. म्हणजे कदाचित मिळणार नाहीत. तरी भावाला पुण्याला पाठवा, बऱ्याच ठिकाणी जुन्या नोंदी असतात. सीटीचा नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते.

झडप कोणती, हा प्रश्न येईलच. धातूची झडप सहसा आयुष्यभर टिकते, पण रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा एसिट्रॉमची गोळी रोज, आणि रक्त किती पातळ झालंय हे बघणारी आयएनआर तपासणी नियमित आलीच. ती गोळी बदलून त्याऐवजी रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत, हे लक्षात ठेवा. जैविक झडपेला ते बंधन नसतं, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते. ६१ हे वय नेमकं मधलं आहे, दोन्हीकडे वळता येतं. जैविक घेतली, तर पुढे तिच्याच आत जांघेतून नवी झडप बसवता येईल एवढा आकार आत्ता घालता येईल का, ते आधी विचारून ठेवा. तिसऱ्यांदा छाती उघडणं त्याने टळू शकतं.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचार चालू असणारच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. निवडलेल्या रुग्णालयात हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला डॉक्टरांच्या चिठ्ठीसह विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा. रक्त आणि प्लेटलेट बऱ्याच लागतात, तेव्हा गावातल्या पोरांची यादी करायचं काम भावाकडे द्या.

तारीख ठरेपर्यंतची काळजी, आणि ही नळी बसवलेल्या कुणाच्याही घरी लागू पडणारी. पुन्हा छातीत-पाठीत कळ आली तर १०८ बोलवा आणि दवाखान्यात शिरल्या शिरल्या सांगा की महाधमनीचं ऑपरेशन झालेलं आहे. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, तर अशा माणसाच्या जिवावर बेततं. हे एका कार्डावर लिहून अण्णांच्या खिशात कायम असू द्या. जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनची गोळी आणू नका. या गटातल्या औषधांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिलाय. ताप दोन दिवसांवर गेला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यायला सांगा. आधी गोळी आणि मग तपासणी झाली, तर जंतू सापडत नाहीत आणि नळीचा संसर्ग दबून वाढत राहतो.

तुम्ही आणि तुमच्या भावाने एकदा टू-डी इको करून घ्या, हा आजार घराण्यात उतरू शकतो. आत्या अण्णांच्या सख्ख्या बहीण असतील तर त्यांनीही. त्यांना मीच सांगितलंय म्हणा. तुमचा स्वतःचा बाळाचा विचार असेल, तर इको त्याआधी.

अण्णांनी सगळं ऐकून 'नको' म्हटलं, तर तो नकार मान्य करा. मग त्याच सर्जनकडून किंवा हृदयतज्ज्ञाकडून रक्तदाबाचं, दमाचं आणि अचानक काही झालं तर कुठवर जायचं याचं नियोजन लिहून घ्या. 'हो' म्हटलं, तर पहिली फेरी दाताच्या डॉक्टरकडे करा. नवी झडप बसवण्याआधी किडके दात काढून टाकावे लागतात, नाहीतर तिथले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. हिरड्या भरायला थोडे दिवस जातात, तेव्हा हे काम या आठवड्यातच उरका, आणि अण्णा तंबाखू मळत असतील तर ती त्याच दिवशी बंद.